चार बोटं खाली

मी आजवर अकरा अंतराळयानं बांधली. एकही उडालं नाही. उडायचा प्रश्नच नव्हता, सगळी खालून लाकडी घोड्यांना बोल्टाने आवळलेली असायची. मी सुतार. सिनेमाच्या स्टुडिओत छत्तीस वर्षं काढली. लोकांना वाटतं अंतराळ म्हणजे केवढं शास्त्र. कसलं शास्त्र अन् काय! यानाच्या आतल्या भिंती म्हणजे अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उलटे चिकटवून वर चंदेरी रंग. इंजिन म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनचा जुना ड्रम. दार आपोआप उघडतं, कारण दोन्ही बाजूंना एकेक माणूस घाम गाळत ते ओढत असतो. दाराचा तो ‘सर्र’ आवाज नंतर भरतात. मूळ आवाज शिव्यांचा असतो.

शाळा मी चौथीत सोडली. सही येते, ती पण सावकाश. पण माप माझ्या हातात आहे. टेप हरवली तरी माझं काम अडत नाही. वीत, मूठ, बोट, झालं.

मला सांगायचंय ते एका खुर्चीबद्दल. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो होतो. आता ज्या साहेबांच्या हाताची ही गोष्ट, तेच राहिले नाहीत. त्यांचे फोटोसुद्धा भिंतींवरून उतरले. म्हटलं, आता सांगून टाकू.

आमचे जावईबापू सिनेमे लिहायचे. आधी शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून स्टुडिओत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. पोरगी आमची तिथेच कपडे शिवायच्या खात्यात. दोघांनी आपापलं ठरवलं आणि मग मला कळवलं. पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यांना स्टूल दिलं बसायला. माझ्या हातचं, वीस वर्षांपूर्वीचं. बसले, थोडे हलले, आणि म्हणाले, “मामा, राग नका मानू, पण याचा मागचा एक पाय सुताभर आखूड आहे.”

वीस वर्षांत त्या स्टुलावर गावभरचे लोक बसून गेले होते. आखूड पाय फक्त मला माहीत होता. मी मनात म्हटलं, हा माणूस पोरीला सांभाळेल की नाही देव जाणे, पण बघतो मात्र नीट.

जावईबापू फक्त अंतराळाचेच सिनेमे लिहायचे. एकदा जेवताना मी विचारलं, “तुम्हाला खालचं काही लिहिता येत नाही का हो?”

ते म्हणाले, “मामा, सिनेमात यान कशाला असतं?”

“उडायला.”

“चूक. माणसं या खोलीतून त्या खोलीत न्यायला. गोष्ट यानाची नसतेच. गोष्ट नळाची असते.”

“आता हा नळ कुठून आला?”

“वर हवा नाही. म्हणजे हवा नळातून सोडावी लागणार. नळ आला की चावी आली. चावी आली की तिच्यावर कुणाचा तरी हात आला. मग बाकीचे सगळे त्या हाताकडे बघत जगणार. झालं, राजकारण सुरू. बाकी मग ते चमचमणं, पळापळ, स्फोट, ते लोकांना तिकिटाच्या खिडकीपर्यंत ओढून आणायला.”

“मग तेच इथलं लिहा की. आपल्या गल्लीत पाण्याच्या चावीवरून महिन्याला दोन डोकी फुटतात.”

पोरगी वाढता वाढता म्हणाली, “बाबा, इथलं लिहिलं की तपासणीच्या ऑफिसात बोलावणं येतं. वरचं लिहिलं की पोरांचा सिनेमा म्हणून सोडून देतात.”

“म्हणजे तुझा नवरा राजकारण वर नेऊन लपवतो.”

“वर नेऊन वाळत घालतो,” जावईबापू म्हणाले. “सगळ्यांना दिसतं, पण कुणाचं ते कळत नाही.”

खूप हसलो आम्ही. तेव्हा हसायला येत होतं.

तर त्या वर्षीचा सिनेमा. एक ग्रह, त्याच्याभोवती कडी. त्याचा एक चंद्र, त्यावर खाणी. खाणीतली माणसं दगड फोडून ग्रहाला पाठवतात आणि ग्रहावरून त्यांना हवा येते. ग्रहाचा अधिपती एके दिवशी हवेची चावी अर्धी बंद करतो. दगड वाढवा, मग हवा वाढेल. खाणवाल्यांतली एक बाई जुनं यान दुरुस्त करून चावीपर्यंत जायला निघते. बाकी पाठलाग, धडाधडी, नेहमीचं. पण हवा कमी झाल्यावर खाणीतली माणसं बोलणं कमी करतात, एकमेकांना शब्द उसने देतात, असं जावईबापूंनी लिहिलं होतं. तो भाग वाचून दाखवला तेव्हा आमची पोरगी शिवणाच्या मशीनवरून उठून गेली होती.

दिग्दर्शक मला म्हणाले, “मिस्त्री, अधिपतीची खुर्ची करा. चार दिवसांत. माणूस मोठा दिसायला नको, खुर्ची मोठी दिसली पाहिजे.”

“माप?”

“माप तुमचं.”

आता थोडं मागे जावं लागेल. त्याच्या नऊ वर्षं आधी एक काळी गाडी माझ्या कारखान्यासमोर उभी राहिली होती. कारखाना म्हणजे स्टुडिओच्या मागची पत्र्याची शेड. दोन माणसं उतरली, म्हणाली, हत्यारं घ्या, चला. मला वाटलं संपलो. नेलं ते थेट मोठ्या घरी. सगळ्यात वरच्या साहेबांकडे, ज्यांचा फोटो तेव्हा प्रत्येक भिंतीवर होता. त्यांना बसायला खुर्ची हवी होती.

तेव्हा मला कळलं, फोटो नेहमी उजव्या बाजूनेच का असतात. साहेबांचा डावा खांदा पडलेला होता. कोपरापासून हात धड वर जात नव्हता. कशाने झालं ते मी विचारलं नाही. लोकांत ते नेहमी टेबलामागे उभे राहायचे, डावा हात खिशात. उभ्याने भागायचं. पण बैठकीत तासन्‌तास बसायचं, आणि खुर्चीचा हात नेहमीच्या उंचीला असला की त्यांचा खांदा वर ढकलला जायचा. घाम यायचा बिचाऱ्यांना. बिचाऱ्यांना म्हणालो, बघा. पण त्या खोलीत ते मला तसेच दिसले.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “एक तासभर मला दुखल्याशिवाय बसता आलं पाहिजे. आणि कुणाला दिसता कामा नये.”

मी खुर्चीचा डावा हात चार बोटं खाली घेतला. पुढून आणि बाहेरून नक्षीची फळी अशी लावली की दोन्ही हात सारखे वाटावेत. साहेब बसले, हात टेकवला, डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला की, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कुणाचंही दुखणं थांबलं की सुताराला बरंच वाटतं. मग एका माणसाने कागद पुढे केला. इथे जे पाहिलं ते पाहिलं नाही, असं त्यावर लिहिलंय म्हणाला. मी सावकाश सही केली.

पण त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. सुतार प्रत्येक वळणदार वस्तू दोनदा करतो. आधी प्लायचा फर्मा कापायचा, तो लाकडावर ठेवून रेघ मारायची, मग लाकूड. फर्मे फेकत नाहीत. कुणी फेकत असेल तर तो सुतार नव्हे. माझ्या शेडच्या भिंतीवर पन्नास-साठ फर्मे टांगलेले होते, त्यात त्या खुर्चीच्या हातांचे दोन. उजवा आणि डावा, शेजारी शेजारी, दोन खिळ्यांना.

आणि मला दिग्दर्शकांनी चार दिवस दिले होते.

ओळखलं नाही असं म्हणू का? म्हणता येईल. पण फर्मा उतरवला तेव्हा मी क्षणभर थांबलो होतो, ते माझं मला माहीत आहे. वळण फार सुरेख उतरलं होतं त्याचं. म्हटलं, कोण बघतंय. तेव्हाही खरं तर उजवाच फर्मा उलटा करून डावीकडे वापरायचा होता. दोन मिनिटांचं काम. पण डाव्याचा समोर टांगलेला होता. डाव्या बाजूला डावा लावला. हात सवयीचा गुलाम असतो. आणि सिनेमात नक्षीची फळी कशाला, म्हणून ती लावलीच नाही. वरून काळा रंग, चंदेरी कडा.

अधिपती करणारा नट म्हणजे ढगासारखा आवाज आणि घरी बायकोपुढे मांजर. पहिले दोन दिवस त्याला अधिपती जमतच नव्हता. ओरडायचा नुसता. तिसऱ्या दिवशी खुर्ची आली. बसला. डावा हात टेकवला, तो खाली गेला. खांदा आपोआप पडला. मान थोडी उजवीकडे वळली, आणि शिडीवर दिवे लावणारी पोरंसुद्धा खाली बघायला लागली. तो हळू आवाजात म्हणाला, “चावी अर्धी बंद करा.” मला मोठं घर आठवलं.

दिग्दर्शकांनी धावत जाऊन त्याला मिठी मारली. “कुठून आणलंस हे?”

नट म्हणाला, “आतून आलं.”

आतून कसलं, बुडाखालून आलं होतं. तिथेच जरा घाबरलो होतो, पण मोठ्या घरातलं सेटवर कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. जावईबापू मात्र कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून टक लावून बघत होते. वही काढली, काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते नंतर कळलं. तपासणीच्या ऑफिसचा नियम असा, की सिनेमासोबत कागदावरची गोष्टही द्यायची आणि ती पडद्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. त्यामुळे चित्रीकरण संपलं की लेखक सगळं परत लिहून काढायचा, जे घडलं तसं. जावईबापूंनी लिहिलं, ‘अधिपती बसतो. डावा खांदा पडलेला, जुनं दुखणं लपवत असल्यासारखा.’

मला सांगा, एवढं बघायची गरज होती का? पण आखूड पाय ओळखणारा माणूस तो.

तपासणी सकाळी दहाला होती. छोटं सभागृह, आठ खुर्च्या. मी तिथे होतो, कारण तपासनीस बाईंच्या खुर्चीची स्प्रिंग वर आली होती, ती ठोकून बसवायची होती. बाई आल्या तसा हातोडी घेऊन मागे भिंतीला टेकलो. बाई पन्नाशीच्या, सर्दी झालेली, हातात रुमाल. त्यांच्यासोबत एक टायपिस्ट. पुढच्या रांगेत दिग्दर्शक आणि जावईबापू.

हवा बंद झाली, बाई बोलल्या नाहीत. खाणवाल्या बाईचं लांबलचक भाषण झालं, ‘श्वास हा पगार नाही’ वगैरे, तेव्हा बाईंनी नाक पुसलं. मी म्हटलं, सुटलो. मग अधिपती खुर्चीत बसला.

“थांबवा,” बाई म्हणाल्या. “मागे घ्या. परत.”

तीनदा बघितलं त्यांनी. मग दिवे लावायला सांगितले. चेहरा खडूसारखा पांढरा.

दिग्दर्शक म्हणाले, “मॅडम, ते हवा बंद करणं जरा जास्त वाटत असेल तर—”

“हवेचं राहू द्या. भाषणाचंही राहू द्या. हे खांद्याचं कुणी सुचवलं?”

दिग्दर्शकांनी नटाचं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण बाईंनी तोवर कागद काढला होता आणि त्यात ते लिहिलेलं होतं. दिग्दर्शक जावईबापूंकडे बघू लागले. आणि आमचे जावईबापू, कौतुक होतंय असं वाटून की काय, अर्धवट उठून म्हणाले, “मी लिहिलंय ते.”

बाईंनी कागदाची घडी घातली. “साहेबांच्या जवळचं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या?”

“कुठल्या साहेबांच्या?”

बाईंची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि लगेच खाली आली. तेव्हा जावईबापूंचा चेहरा बदलला. मी मागे भिंतीला टेकलेलाच, हातात हातोडी. तेव्हाच बोलायचं होतं. एक पाऊल पुढे टाकायचं आणि म्हणायचं, बाई, खुर्ची माझी आहे. नाही टाकलं.

दुपारी दोन माणसं आली. “मास्तर, चला, चहा घेऊ,” म्हणाली. ऑफिसच्या मागे त्यांचं विश्रामगृह होतं, तिथे नेलं.

तीन दिवस गेले. पोरगी माझ्या शेडमध्ये भुश्याच्या पोत्यावर येऊन बसायची. मी रंधा मारत होतो. समोर एक फळी होती, कशासाठी घेतली होती आठवत नाही. नुसता मारत होतो.

“बाबा, काहीतरी बोला ना.”

“काय बोलू पोरी.”

“त्यांनी खांद्याचं का लिहिलं? कुठून सुचलं त्यांना?”

रंधा पुढे, रंधा मागे.

“मी ऑफिसात गेले होते. म्हणाले, तो कुणाकडून ऐकलं ते सांगत नाही. बाबा, त्यांनी कुणाकडून ऐकलंच नसेल तर ते सांगणार काय?”

मी खाली बघितलं. इंचभर जाडीची फळी पाव इंच झाली होती. वर भिंतीवर ते दोन फर्मे टांगलेले, तिच्या डोक्याच्या बरोबर मागे. मी सही केलेला कागद आठवला. माझं वय आठवलं. मग जावईबापूंचं वय आठवलं. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही फर्मे उतरवले, जुन्या चादरीत गुंडाळले आणि ऑफिसला गेलो.

बाईंच्या टेबलावर फायलींचा डोंगर, मागे बसलेल्या बाई अर्ध्याच दिसत होत्या. मी चादर सोडली आणि सगळं सांगितलं. काळी गाडी, मोठं घर, चार बोटं, सगळं. मी बोलायला लागलो तेव्हा टायपिस्टने मशीनमध्ये कागद घातला होता. दुसऱ्या वाक्याला बाई तिला म्हणाल्या, “तू चहा पिऊन ये.” ती म्हणाली, “मी घेतला मॅडम.” बाई म्हणाल्या, “मग परत घे.”

दार लागलं. बाईंनी वाकून दोन्ही फर्मे शेजारी शेजारी लावून बघितले.

“मिस्त्री, तुम्ही हे कशाला सांगितलंत मला?”

“खरं आहे म्हणून. माझा जावई निर्दोष आहे बाई. लिहायचं तर माझं लिहा. मला घ्या आत.”

“तुमचं मला लिहिताच येत नाही. ऐका. आत्ता माझ्या फायलीत काय आहे? एका लेखकाने एका खोट्या राजाचा खांदा पाडला. मनाने पाडला. तुम्ही सांगताय ते लिहिलं तर फायलीत काय येईल?” त्यांनी आवाज अजून खाली घेतला. “की खांदा खरंच पडलेला आहे. तो कागद वर जाणार. मग तुम्ही, मी, ती टायपिस्ट, आणि ज्या शिपायाने फाइल नेली तो, सगळे गेलो.”

“पण तुम्हाला तर बघताक्षणी कळलं होतं.”

“मी एकदा बैठकीला गेले होते. मागून पाणी द्यायला कुणी आलं तेव्हा साहेब वळले. तेवढंच. मी ते पाहिलेलं नाही.”

म्हणजे बाईंनीही असल्याच एखाद्या कागदावर सही केलेली असणार. त्यांनी नाक पुसलं.

“रस्ता आहे एक,” त्या म्हणाल्या. “खुर्ची सरळ करा. ते सगळे प्रसंग परत घ्या. आणि गोष्ट बदला. अधिपती भला माणूस. चावी बंद करतो तो खाणवाल्यांचा म्होरक्या, स्वतःच्याच लोकांची, आणि आळ घेतो अधिपतीवर. शेवटी अधिपती स्वतः जाऊन चावी उघडतो. लेखकाने आपल्या हाताने लिहून द्यायचं, की मूळ गोष्ट हीच होती.”

“बाई, हे तुम्हाला आत्ता सुचलं?”

“मला आठवड्याला दोन सुचतात. वीस वर्षं हेच बघतेय.”

“मला वाटायचं, तुम्हाला सिनेमात राजकारण चालत नाही.”

“कोण म्हणतं? राजकारण नसलं तर अंतराळाचा सिनेमा बघवत नाही हो, झोप येते. आम्ही फक्त एवढंच बघतो, की चावीवर हात कुणाचा आहे.” त्यांनी फर्मे पायाने टेबलाखाली सरकवले. “हे नीट जळतं का?”

“प्लाय आहे. धूर फार होईल.”

“होऊ दे. तुम्ही इथे आला नव्हता. आणि जावयाला एक अक्षर सांगायचं नाही. लेखक आहे. त्याला कळलं तर आज ना उद्या लिहील.”

मला विश्रामगृहात सोडलं. स्वच्छ खोली, दोन लोखंडी खाटा, एक खिडकी. टेबल नव्हतं. जावईबापू खाटेवर बसलेले, दाढी वाढलेली. मला बघून उठले.

“मामा! ती कशी आहे?”

“वाट बघतेय.”

ते माझा हात धरून बसले. डोळे असे चमकत होते की मला आधी ताप वाटला.

“मामा, मी चार दिवस एकच विचार करतोय. सेटवर इतके लोक होते. तो नट बसला तेव्हा खांदा मलाच का दिसला? मी कुणाकडून ऐकलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण बघा ना, इतके घाबरलेत म्हणजे ते खरं आहे. काहीतरी खरं असणार. आणि मी ते ओळखलं. नुसतं माणसाच्या बसण्यावरून.” ते हसले. “दहा वर्षं मी नळ आणि चाव्या लिहितोय. एकदा, फक्त एकदा, थेट घाव बसला.”

मी तोंड उघडलं. शपथ सांगतो, उघडलं होतं. पण बाहेर व्हरांड्यात बूट वाजत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जे काही होतं ते चार दिवसांत त्यांना कुणी दिलेलं एकमेव बरं काही होतं. मी तोंड मिटलं आणि बाईंची गोष्ट सांगितली.

ते ऐकत राहिले. “म्हणजे खाणवाले स्वतःच स्वतःचा गळा दाबतात.”

“हो.”

“आणि अधिपती येऊन सोडवतो.”

“हो.”

“आणि ती यान दुरुस्त करणारी बाई?”

हे मी विचारलंच नव्हतं. “तिचं काही बोलले नाहीत.”

“मग तिला पहिल्याच स्फोटात मारतो,” ते म्हणाले. “नाहीतर ती असलं शेवटपर्यंत ऐकून घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक फळी नेऊन दिली, मांडीवर ठेवून लिहायला. ती पाव इंचाचीच. हलकी होती. दोन दिवसांत त्यांनी सगळं लिहून दिलं, तिसऱ्या दिवशी घरी आले.

खुर्चीचा डावा हात मी काढला. उजवा फर्मा गेला होता, म्हणून खुर्चीच्या उजव्या हातावरूनच माप घेतलं, चार बोटं वर नवा बसवला. नट परत बसला आणि त्याचा अधिपती पार मेला. ताठ, कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा. दिग्दर्शक त्याला सांगत होते, अरे ते मागचं आण ना, आतलं. तो बिचारा घामाघूम. सिनेमा लागला, चाललाही. म्होरक्या मरतो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी आणि मी शेवटच्या रांगेत होतो. जावईबापू आले नाहीत.

त्यांनी परत वही उघडली नाही. पण मोडले होते असंही नाही. घरी मधूनच म्हणायचे, “एकदा तरी ओळखलं मी.” पोरीला म्हणायचे, दूधवाल्याला म्हणायचे, कशाबद्दल ते न सांगता. त्याच एका वाक्यावर ते जेवत होते म्हणा ना. मी पण म्हणायचो, ओळखलंत खरं. म्हटलं, राहू दे, याने कुणाचं काय जातंय.

साधारण सात-आठ महिन्यांनी, दुपारची वेळ, ते मला जेवायला बोलवायला शेडमध्ये आले. मी पटाशीला धार लावत होतो. म्हणाले, चला मामा, आणि भिंतीकडे बघत थांबले.

ती भिंत म्हणजे पॉलिशचा धूर आणि भुसा बसून काळीकुट्ट झालेली. जिथून ते दोन फर्मे उतरवले तिथे दोन पांढुरके आकार उरले होते. वरचे दोन खिळे एका उंचीला. खाली एक आकार लांब, एक आखूड. माझ्या रोज डोळ्यांसमोर होते आणि मला कधी दिसले नाहीत. मीच टांगले होते, मला काय दिसणार.

ते जवळ गेले. आखूड आकाराच्या खालच्या टोकाला हात लावला आणि बोटं आडवी ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग वळले आणि खुर्चीत बसल्यासारखा डावा खांदा खाली पाडून बघितला. पटाशी माझ्या हातात तशीच.

“किती वर्षं होते हे इथे?”

“नऊ... आता दहा होत आली असती.”

“खुर्ची यावरून कापली.”

“हो.”

“आणि त्याच्या आधी?”

मी पटाशी खाली ठेवली. त्यांना सांगायची गरजही नव्हती. ते जाऊन स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगलं.

“म्हणजे मी ओळखलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी फक्त तुमच्या सुतारकामाचं वर्णन केलं.”

“जावईबापू, मी त्या दिवशी सांगणार होतो—”

“नाही. बरं झालं नाही सांगितलंत. आठ महिने मिळाले.”

रागाने म्हणाले असते तर मी ऐकून घेतलं असतं. तसं नव्हतं ते. हिशेब सांगावा तसं म्हणाले. मग उठले. “मामा, उद्या कुणी इथे आलं आणि त्याने हे बघितलं तर? रंग आहे का उरलेला?”

“चंदेरीच आहे. यानाचा.”

“द्या.”

मी म्हटलं, मी मारतो. ऐकले नाहीत. ब्रश घेतला आणि भिंतीवर मारायला लागले. आधी आखूड आकार, मग लांब, मग आजूबाजूला, मोठा चौकोन होईपर्यंत. नीट, कडा सांभाळून. मी डबा धरून उभा होतो. काळ्या भिंतीवर ते चंदेरी असं दिसत होतं की आधी तिथे काही नव्हतं तरी आता कुणालाही संशय यावा. पण ते मी म्हणालो नाही. संपल्यावर ब्रश त्यांनी टर्पेंटाइनमध्ये धुतला, झटकला, उलटा टांगला.

घरी गेलो तर पोरगी ताटं घेऊन खोळंबलेली. “किती वेळ! आणि हाताला हे चंदेरी कसलं?”

“यानाचं,” ते म्हणाले.

“कुठलं यान? सध्या तर काम बंद आहे ना?”

“बाबांचं बारावं,” ते म्हणाले आणि जेवायला बसले.